चास आणि पाबळ

श्रोतेहो, पुण्याहून नाशिकाकडे जाणारा रस्ता धरला, म्हणजे भोसरी आणि मोशी मागे टाकून इंद्रायणी ओलांडल्यावर चाकण लागते. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने याच चाकणच्या भुईकोटात शाएस्तेखानाच्या अफाट फौजेला दोन महिन्यांच्या आसपास थोपवून धरिले होते. आज त्या कोटाभोवतीच्या माळावर मोटारींचे कारखाने उभे आहेत आणि पिंपरी-चिंचवडापासून चाकणपर्यंतचा सगळा मुलूख यंत्रांच्या घरघरीने भरून गेला आहे. या चाकणच्या उत्तरेस राजगुरुनगर, म्हणजे आपले जुने खेड. खेडाहून भीमेच्या काठाने पश्चिमेस वर गेले की चास नावाचे गाव लागते. आणि उलट पूर्वेची वाट धरली की शिरूर तालुक्यातले पाबळ येते. दोन्ही गावे एकमेकांपासून एका दिवसाच्या घोडदौडीत येण्याजोगी. चास हे पहिल्या बाजीराव पेशव्यांच्या पत्नी काशीबाई यांचे माहेर. पाबळ हे मस्तानीचे इनाम गाव, आणि तिची कबरही तेथेच आहे.

बाजीराव-मस्तानीची गोष्ट आपणापैकी कोणास ठाऊक नाही? नाटककारांनी ती रंगविली, १९७२ साली ना. सं. इनामदारांनी 'राऊ' या कादंबरीत ती घराघरांत नेली, आणि २०१५ साली निघालेल्या चित्रपटाने तर ती देशोदेशी पोहोचविली. या सर्वांत प्रेमाचा रंग गडद आहे आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने या प्रकरणाकडे दुसऱ्याही एका बाजूने पाहिले पाहिजे. दोन माणसांचे मन जुळले तरी दोन घराणी का जुळली नाहीत? घराणे म्हणजे नेमके काय? त्यात कोणाची जागा कोठे, हे कोण ठरवी आणि कशाच्या आधारावर ठरवी? हा प्रश्न चास आणि पाबळ ही दोन गावे शेजारी शेजारी ठेवून पाहिला म्हणजे पुष्कळ स्पष्ट होतो. आजच्या भाषणात तेवढेच करावयाचा माझा विचार आहे.

प्रथम चासकडे वळू. चासचे महादजी कृष्ण जोशी हे सावकार होते. 'सावकार' हा शब्द आज आपल्या कानाला गोड लागत नाही. पण अठराव्या शतकाच्या आरंभी मराठी राज्यात सावकार हा राज्याचा एक खांबच होता. मोहीम निघावयाची तर घोडा, दाणा, दारूगोळा आणि शिबंदीचा रोजमुरा यांस रोकड लागे. चौथाई आणि सरदेशमुखीचा वसूल हाती येई तो मोहीम संपल्यावर; पैसा मात्र मोहिमेच्या आधी हवा असे. ही मधली खिंड सावकार भरून काढी. ज्याच्या मागे सावकार उभा, त्याचीच फौज उभी, असा तो काळ होता.

आता या चौकटीत भट घराणे बसवून पाहा. भट हे कोकणातील श्रीवर्धनचे देशमुख. सिद्दीच्या जाचामुळे बाळाजी विश्वनाथांना गाव सोडून घाटावर यावे लागले. येथे लिखाणाची, वसुलाची आणि मुत्सद्देगिरीची कामे करीत करीत ते वर चढले आणि १७१३ साली शाहू छत्रपतींचे पेशवे झाले. म्हणजे बाजीरावांचा जन्म १७०० साली झाला तेव्हा त्यांचे वडील पेशवे नव्हते. घराणे अद्याप वर चढत होते. घाटावर त्यांना वतनाचा जुना आधार नव्हता, पिढ्यान् पिढ्यांचे सोयरे नव्हते. हे सारे त्यांना एकाच पिढीत जोडावयाचे होते, आणि ते त्यांनी विवाहांच्या द्वारे जोडिले.

हे विवाह एका ओळीत मांडले म्हणजे त्यांतली योजना डोळ्यांत भरते. थोरल्या मुलाला, म्हणजे बाजीरावांना, चासच्या सावकार जोशांची मुलगी केली. कन्या भिऊबाई बारामतीच्या नाईकांकडे दिली; तेही सावकारच. दुसरी कन्या अनुबाई इचलकरंजीच्या घोरपड्यांकडे दिली. ते घराणे मूळचे जोशी, पण सेनापती संताजी घोरपड्यांच्या आश्रयाने वाढून सरदारीस चढलेले. पुढे बाजीरावांचे वडील चिरंजीव नानासाहेब यांना वाईच्या रास्त्यांची गोपिकाबाई केली. रास्तेही पैसाअडका बाळगणारे, सावकारीत मुरलेले घराणे. ही सर्व नाती स्वजातीतली आणि शास्त्राच्या चौकटीतली होती, हे तर खरेच. पण ती राज्याच्या खजिन्याशी आणि फौजेशीही बांधलेली होती. घरात येणारी सून नुसती सून नसे. तिच्यामागून तिच्या माहेरची पत आत येत असे.

बाजीरावांना या पतीची गरज किती होती, हे त्यांच्याच पत्रांवरून दिसते. धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी हे त्यांचे गुरू आणि कर्ज देणारेही. सावकारांच्या पायांवर डोके ठेवून ठेवून कपाळ झिजून गेले, अशा अर्थाचे त्यांनी स्वामींना लिहिले आहे. रणांगणावर एकही लढाई न हरलेला पुरुष कर्जाच्या वहीपुढे असा नमत असे! घराण्याची इभ्रत आणि बाजारातली पत या दोन गोष्टी त्या काळी वेगळ्या नव्हत्या, हे ध्यानात ठेवून आपण आता बुंदेलखंडात जाऊ.

१७२९ च्या मार्च महिन्यातली गोष्ट. पन्नाचे वृद्ध राजे छत्रसाल बुंदेले यांना मोगलांचा सरदार महंमदखान बंगश याने पेचात धरिले होते. बाजीराव तातडीने धावून गेले आणि जैतपूरजवळ त्यांनी बंगशालाच कोंडिले. या उपकाराबद्दल छत्रसालांनी बाजीरावांना पुत्रासमान मानून आपल्या राज्यातला सुमारे तिसरा हिस्सा देऊ केला. या हकीकतीबरोबरच मस्तानी आपल्या इतिहासात येते.

ती कोण होती? याविषयी दोन परंपरा आहेत. एक परंपरा म्हणते, ती छत्रसालांची मुसलमान स्त्रीपासून झालेली कन्या. छत्रसाल हे महामती प्राणनाथांचे अनुयायी. त्यांच्या प्रणामी पंथात वेद आणि कुराण या दोहोंस मान होता, आणि अशा घरात मस्तानी वाढली. दुसरी परंपरा तिला कलावंतीण म्हणते. एका फार्सी तवारिखेत तिचे वर्णन नृत्यगायनात निपुण, तशीच घोडदौडीत आणि तलवारीत तरबेज अशी स्त्री म्हणून आले आहे. या वादाचा निकाल लावणे हे आजच्या भाषणाचे काम नव्हे. मला लक्ष वेधावयाचे आहे ते वादाच्या स्वरूपाकडे. तिचे रूप, तिचे गुण, तिची निष्ठा यांविषयी वाद नाही. वाद आहे तो ती कोणत्या पायरीवरची याविषयी. मेल्यावर पावणेतीनशे वर्षे लोटली, तरी या स्त्रीला आपण अजून हाच प्रश्न विचारीत आहोत की, 'तुझे घर कोणते?'

पहिली परंपरा खरी धरली तर मोठी विलक्षण गोष्ट दिसते. छत्रसाल हे राज्यकर्ते क्षत्रिय. बुंदेल्यांचे कुळ भटांहून कितीतरी आधी गादीवर बसलेले. मुलुखाच्या आणि संपत्तीच्या मापाने पाहिले तर मस्तानीचे माहेर चासच्या जोशांहूनच नव्हे, खुद्द पेशव्यांहूनही थोर ठरते. पण हे माप नर्मदेपलीकडचे. नर्मदा ओलांडून ती पुण्यास आली, आणि तिच्या वडिलांचे राज्य तिच्या मागेच राहिले. तिला ना गोत्र, ना येथले आप्त, ना मंगळागौरीला बोलावणारी नणंद-भावजय, ना हुंडीवर सही करणारा भाऊ. पुण्यातल्या घराण्यांच्या जमाखर्चात तिच्या नावावर जमेच्या बाजूस काहीच नव्हते. राजकन्या एका मुलुखातून दुसऱ्यात आली आणि वाटेतच निर्धन झाली, असे म्हटले तरी चालेल.

मस्तानीचे नाव पुण्याच्या विश्वसनीय कागदांत प्रथम आढळते ते कोठे, हेही पाहण्याजोगे आहे. १० जानेवारी १७३० रोजी शनिवारवाड्याचा पाया घातला गेला आणि दुसऱ्याच दिवशी, म्हणजे ११ जानेवारीस, नानासाहेब व गोपिकाबाई यांचे लग्न लागले. या लग्नाच्या हिशेबाच्या कागदांत मस्तानीचे नाव आले आहे, असे रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी दाखवून दिले. याच सरदेसायांनी १९३० नंतरच्या थोड्या वर्षांत पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग संपादून प्रसिद्ध केले, आणि त्यामुळेच या प्रकरणावर आपण आज काही आधाराने बोलू शकतो. रास्त्यांची बालवधू अक्षता, सनई आणि सप्तपदी यांच्या संगतीने घरात आली. मस्तानी इतिहासात आली ती खर्चाच्या यादीतून. दोघींच्या पुढच्या वाटा त्या एका कागदावरच फुटल्या होत्या.

बाजीरावांनी तिच्यासाठी काय केले? शनिवारवाड्याची वास्तुशांत १७३२ साली झाली; त्या वाड्यात पुढे त्यांनी तिला स्वतंत्र महाल दिला. वाड्याच्या उत्तरेकडील दरवाजा आजही मस्तानी दरवाजा म्हणून ओळखला जातो. कोथरुडास तिच्यासाठी निराळी वास्तू उठविली. तिचे अवशेष आणून दिनकर केळकरांनी आपल्या संग्रहालयात 'मस्तानी महाल' मांडिला आहे, तो आपणापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. शिवाय पाबळ, केंदूर आणि लोणी ही गावे तिला इनाम दिली.

या यादीचा अर्थ नीट लावला पाहिजे. स्वतंत्र महाल, स्वतंत्र दरवाजा, गावाबाहेर स्वतंत्र वास्तू, आणि शेवटी दूरचे स्वतंत्र उत्पन्न. प्रत्येक देणगीत प्रेम आहे, उदारपणा आहे. आणि प्रत्येक देणगीत एक भिंतही आहे. जे बाजीरावांच्या हाती होते ते सर्व त्यांनी दिले. वाडा बांधणे त्यांच्या हाती होते, गाव लिहून देणे त्यांच्या हाती होते. देवघराच्या उंबऱ्याआड आणि जेवणाच्या पंक्तीत तिला जागा देणे मात्र दिल्लीच्या वेशीपर्यंत धडक मारणाऱ्या पेशव्याच्याही हाती नव्हते. काशीबाईंना इनाम गावाची आवश्यकता नव्हती, कारण सगळे घरच त्यांचे होते. ज्याला घरात जागा नसते त्याला गाव द्यावे लागते.

वर्गात हा भाग शिकवीत असता एका विद्यार्थ्याने मला विचारले होते, "गुरुजी, पेशवे एवढे मोठे, मग भटजींना त्यांनी नुसता हुकूम का केला नाही?" प्रश्न बाळबोध खरा, पण मर्मावर बोट ठेवणारा. पेशव्यांचे सामर्थ्य फौजेवर चाले. त्यांचे ब्राह्मण्य मात्र इतर ब्राह्मणांनी मान्य करण्यावर अवलंबून होते. नव्याने वर आलेल्या घराण्याला तर ही मान्यता अधिकच जपावी लागते. ज्याच्या सात पिढ्या गादीवर गेल्या तो एखादा नियम मोडून निभावतो. ज्याची पहिलीच पिढी वर आली आहे त्याच्याकडे सगळ्यांचे डोळे लागलेले असतात. भटांच्या घरच्या कडकपणात धर्मश्रद्धा होतीच, परंतु नव्या प्रतिष्ठेला जपण्याची धास्तीही होती, असे मला वाटते.

हा पेच तीव्र झाला तो मुलांमुळे. १७३४ साली काशीबाईंना रघुनाथराव झाले आणि त्याच साली मस्तानीलाही मुलगा झाला. त्याचे नाव कृष्णराव ठेविले होते असे सांगतात. इतिहासाला तो समशेरबहादूर म्हणून ठाऊक आहे. बाप एक, वर्ष एक. परंतु एकाची मुंज व्हावयाची आणि दुसऱ्याची होऊ शकत नाही. बाजीरावांची इच्छा होती, पण ब्रह्मवृंदाने नकार दिला, अशी परंपरा आहे. मुंज म्हणजे काही नुसता दोरा नव्हे. मुंज झालेला मुलगा पंक्तीस बसतो, संध्या करतो, बापाच्या श्राद्धाचा पिंड देतो, आणि त्या अधिकारातूनच घरातला वारसा सिद्ध होतो. ज्याची मुंज नाही त्याला बापाची माया मिळेल, जहागीर मिळेल. बापाचे घर मिळणार नाही.

अशा स्थितीत १७३९ साल उजाडले. मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला पोर्तुगिजांकडून घेतला आणि पेशव्यांचे घराणे कीर्तीच्या शिखरावर पोहोचले. नेमक्या त्याच वर्षाअखेर घरातला कलह उघड्यावर आला. पुढील माघात रघुनाथरावांची मुंज आणि चिमाजी आप्पांचे चिरंजीव सदाशिवराव यांचे लग्न व्हावयाचे होते. मस्तानीचा संबंध जोवर आहे तोवर बाजीरावांच्या उपस्थितीत आम्ही संस्कार करणार नाही, असा पवित्रा ब्राह्मणांनी घेतला. मद्यमांसाचे दोषही तिच्याच संगतीवर लादले गेले. मस्तानीवर पुण्यात पहारा बसला. नोव्हेंबरात ती पहारा चुकवून निसटली आणि पाटसला बाजीरावांच्या छावणीत जाऊन पोहोचली. एकटी स्त्री पुण्याहून पाटसपर्यंत जाते, या एका गोष्टीवरून तिच्या मनाची कल्पना येते. परंतु तिला परत पाठवावे लागले. बाजीराव निजामपुत्र नासिरजंगावरच्या मोहिमेवर निघून गेले, आणि जानेवारी १७४० मध्ये नानासाहेबांनी तिला कैदेत ठेविले. फेब्रुवारीत मुंज झाली, लग्नही झाले; ज्याच्या मुलाची मुंज तो बाप मात्र मांडवात नव्हता.

श्रोतेहो, या ठिकाणी कोणाला तरी खलपुरुष ठरविण्याचा मोह होतो. नाटकाला खलपुरुष लागतो. इतिहासाला तो नेहमीच सापडतो असे नाही. मातोश्री राधाबाईंनी नवऱ्याबरोबर कोकणातून परागंदा होण्याचे दिवस काढिले होते. बांधलेले घर मोडू नये ही त्यांची चिंता खोटी नव्हती. चिमाजी आप्पांचे भावावर निस्सीम प्रेम होते. उभी हयात त्यांनी त्याच्या सावलीसारखी काढिली. नानासाहेब अद्याप विशीच्या आतले; आईची बाजू घ्यावी, का बापाचा मान राखावा, या कात्रीत सापडलेले. प्रत्येकजण घराण्याच्या भल्यासाठीच वागत होता, आणि सगळ्यांनी मिळून घराण्याच्या कर्त्या पुरुषाचे काळीज मोडिले.

या गर्दीत शहाणपणाचा शब्द आला तो साताऱ्याहून. शाहू छत्रपतींनी आपल्या लहानपणाची कितीतरी वर्षे मोगलांच्या छावणीत कैदेत काढिली होती; माणसाला कोंडणे म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होते. बाजीरावांचे मन दुखवू नये, जोरजबरदस्तीने हा प्रश्न सुटावयाचा नाही, असा त्यांचा अभिप्राय चिटणिसांच्या पत्रातून पुण्यास कळविला गेला. म्हणजे राज्याचा धनी ज्या गोष्टीला क्षमा करावयास सिद्ध होता, तिला घर क्षमा करीना. राजसत्तेहून सोयरसत्ता बळकट असते, याचे याहून चांगले उदाहरण मला आठवत नाही.

२७ फेब्रुवारी १७४० रोजी मुंगी-शेवगावला नासिरजंगाशी तह झाला. तहात हंडिया आणि खरगोण हा नर्मदेकाठचा प्रदेश मिळाला, त्याची व्यवस्था लावण्यास बाजीराव तिकडे गेले. मार्चमध्ये चिमाजी आप्पांनी नानासाहेबांना पत्र लिहिले, ते मला या सबंध प्रकरणात सर्वांत करुण वाटते. भावाच्या मनाची शांती करण्याचा आपण पुष्कळ प्रयत्न केला, परंतु ईश्वराची इच्छा निराळी दिसते. पुण्यास परतल्यावर मस्तानीला त्यांच्याकडे पाठवून द्यावे, अशा आशयाचे ते पत्र आहे. घराने हात टेकले होते. उशीर मात्र झाला होता. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदेकाठी रावेरखेडीस ज्वराने बाजीरावांचा अंत झाला. वय चाळिशीच्या आत. शेवटच्या दिवसांत काशीबाई आणि लहानगा जनार्दन त्यांच्याजवळ होते. मस्तानी नव्हती. तीही लवकरच वारली आणि पाबळास तिला मूठमाती मिळाली. कोणी म्हणतात तिने विष घेतले, कोणी म्हणतात शोकाने प्राण सोडिला. ज्याला जी कथा रुचेल ती तो सांगतो. त्याच वर्षाच्या डिसेंबरात चिमाजी आप्पाही गेले.

येथे गोष्ट संपती, तर ती नुसती शोकांतिका झाली असती. परंतु काशीबाईंनी तिला पुढचे पान जोडिले आहे. पोरक्या समशेरबहादुराला त्यांनी आपल्या घरी वाढविले. ज्या स्त्रीचा या प्रकरणात सर्वांत अधिक अपमान झाला, असे जग समजत होते, तिनेच त्या मुलाला पोरकेपणा भासू दिला नाही. पुढे त्यांनी दीर्घ तीर्थयात्रा केली, काशीस वास्तव्य केले आणि माहेरी चासला भीमेकाठी सोमेश्वराचे देऊळ बांधिले; त्रिपुरी पौर्णिमेस तेथील दीपमाळ आजही उजळते. १७५८ साली त्यांचे देहावसान झाले. काशीबाईंविषयी आपल्या कवींनी आणि कादंबरीकारांनी अश्रूच फार ढाळिले; मला त्यांच्या अश्रूंपेक्षा त्यांची ही कृती मोठी वाटते. जे शास्त्र्यांना साधले नाही, पेशव्यांना साधले नाही, ते त्यांनी कोणताही गाजावाजा न करता माजघरात करून दाखविले.

समशेरबहादुराने या मायेची फेड केली. बुंदेलखंडातील बांद्याकडची जहागीर त्याच्या वाट्यास आली. मराठ्यांच्या मोहिमांत तो खांद्याला खांदा लावून लढला आणि १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवराव भाऊंच्या फौजेत होता. विचार करा, याच सदाशिवरावांच्या लग्नाच्या निमित्ताने एकवीस वर्षांपूर्वी त्याच्या आईवर पहारा बसला होता! जबर जखमी होऊन तो जाटांच्या मुलुखात पोहोचला आणि तेथेच मरण पावला. पंक्तीत ज्याला पान मिळाले नव्हते त्याला रणांगणावर पहिल्या फळीत जागा मिळाली. त्याचा पुत्र अलीबहादूर याने बुंदेलखंडात पुन्हा अंमल बसविला. १८०२ साली कालिंजरच्या वेढ्यात तो निवर्तला. याच वंशातले बांद्याचे नबाब अलीबहादूर १८५७ च्या उठावात इंग्रजांविरुद्ध उभे राहिले, आणि त्यापायी संस्थान गमावून त्यांना इंदुरास पेन्शनीवर राहावे लागले. भटांच्या रक्ताची ही शाखा अशी बुंदेलखंडात वाढली.

तात्पर्य काय? बाजीराव आणि मस्तानी यांना आजच्या काळात जन्म मिळता तर कायदा त्यांच्या आड आला असता काय? बाजीराव विवाहित होते, म्हणून तोही प्रश्न सरळ नाही. परंतु भिन्न घरांतल्या अविवाहित तरुण-तरुणींपुरते बोलावयाचे तर कायदा पुष्कळ पुढे आला आहे. १८७२ च्या कायद्यात नोंदणीने लग्न करावयाचे तर, आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती यांपैकी कोणत्याच धर्माचे नाही, असे वधूवरांना सांगावे लागे; म्हणजे प्रेमासाठी धर्म नाकारावयाचा! १९२३ च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांची आपसांतील विवाहापुरती या अटीतून सुटका झाली. १९४९ च्या कायद्याने हिंदूंतील जातीजातींतले विवाह वैध ठरले, आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने कोणत्याही दोन धर्मांच्या वधूवरांना आपापला धर्म न सोडता विवाहबद्ध होण्याची वाट मोकळी झाली. समशेरबहादुराचा प्रश्न असा दोनशे वर्षांनी कागदावर सुटला.

कागदावर म्हणतो, कारण माणसाच्या मनाचे दफ्तर निराळे असते. ज्या वर्षी हा विशेष विवाह कायदा झाला त्याच वर्षी पिंपरीस पेनिसिलिनच्या सरकारी कारखान्याची स्थापना झाली, आणि पुढे त्या बाजूचा माळ कारखान्यांनी भरत गेला. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, कोकण, इतकेच काय, बिहार आणि ओडिशा येथली तरुण मंडळी आज एका यंत्राच्या दोन बाजूंस उभी राहून काम करितात, एका बसमधून जातात-येतात. यंत्र कोणाचे गोत्र विचारीत नाही. मने जुळतात, आणि मग गोष्ट घरी जाते. घरी गेल्यावर मात्र जुनीच वही उघडली जाते. मुलगा कायम नोकरीत आहे की कंत्राटी? गावाकडे जमीन किती? घर स्वतःचे की भाड्याचे? आपल्यातले की बाहेरचे? चासच्या सावकारीची जागा पगारपत्रकाने घेतली आहे, एवढाच फरक.

हे प्रश्न विचारणाऱ्या आईबापांना मी दोष देत नाही. राधाबाई आणि चिमाजी आप्पांना मी दिला नाही, मग त्यांना कसा देऊ? मुलीचे पुढे कसे होईल, ही चिंता खरी असते. तरुणांनीही हे समजून घ्यावे की, घर हे एका दिवसात बांधलेले नसते आणि ते बांधणाऱ्यांचे हात राबलेले असतात. परंतु वडीलमंडळींना एवढेच सुचवावेसे वाटते की, पहारा बसवून, दरवाजे बंद करून आजवर कोणाचे मन फिरले आहे असे इतिहासात दिसत नाही. चिमाजी आप्पांचे शहाणपणाचे पत्र मार्चमध्ये लिहिले गेले. तेच नोव्हेंबरात, मस्तानी पाटसच्या वाटेवर असता, लिहिले गेले असते, तर बाजीरावांचे आयुष्य वाढले असते असे कोणी म्हणणार नाही. ज्वर काही कोणाची गय करीत नाही. पण घरच्या माणसांवर रुसून, एकाकी मनाने त्या पुरुषाला जावे लागले नसते, एवढे खास. ज्यांच्या घरात आज असे पत्र लिहावयाचे राहिले असेल, त्यांनी ते उद्यावर टाकू नये.